विश्लेषण : घराच्या ओसरीवर भरणारे चर्च... काय आहेत ‘छोटे ख्रिस्ती समूह’?

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वसईतील चर्चची आवारे भरून जातात. मात्र एकाच बाकावर बसलेल्या दोन कुटुंबांना एकमेकांची नावे ठाऊक असतीलच, असे नाही. श्रद्धा एक असली की समाज आपोआप घडतो का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून (१९६२-६५) कॅथलिक चर्च या प्रश्नाचे उत्तर शोधत आहे. त्यातील एक उत्तर म्हणजे आळीत, पाड्यावर किंवा इमारतीत भरणारे ‘छोटे ख्रिस्ती समूह’. ही रचना कशी चालते आणि तिच्यापुढच्या अडचणी कोणत्या, याचा आढावा.

रचना नेमकी कशी असते?

कॅथलिक चर्चची उतरंड ठरलेली आहे. महागुरूंच्या अखत्यारीत धर्मप्रांत, त्याखाली धर्मग्राम. एका धर्मग्रामात शेकडो, शहरांत तर हजारो कुटुंबे असू शकतात आणि धर्मगुरू दोन-तीनच. एवढ्या लोकांशी त्यांची ओळख राहणे अशक्य असते. म्हणून धर्मग्रामाचे वस्तीनुसार लहान भाग पाडले जातात. चालत जाता येईल एवढ्या अंतरावरील काही कुटुंबांचा एक समूह होतो. नेतृत्व धर्मगुरूंकडे नसते, ते प्रापंचिकांकडे असते. एखादी शिक्षिका, निवृत्त बँक कर्मचारी किंवा गृहिणी समूहाची जबाबदारी घेते. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी होते.

बैठकीत काय होते?

अनेक देशांत वापरली जाणारी पद्धत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को या संस्थेत तयार झाली. फ्रिट्झ लोबिंगर आणि ओस्वाल्ड हिर्मर या दोन जर्मन धर्मगुरूंचे त्यात मोठे योगदान होते. या पद्धतीत सात पायऱ्या आहेत. सुरुवातीला प्रार्थनेतून प्रभूला आमंत्रण, मग शुभवर्तमानातील उताऱ्याचे वाचन. त्यानंतर मनाला भिडलेला शब्द किंवा ओळ प्रत्येकाने मोठ्याने म्हणायची. पुढे काही मिनिटे शांतता आणि मग त्या शब्दाचा आपल्या जगण्याशी असलेला संबंध सांगायचा. येथे प्रवचन नाही, वादविवादही नाही.

सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची. ‘आता आपण काय करायचे?’ हे तिथे ठरते. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणत्या विधवेचे रेशन कार्डाचे काम अडले आहे, कोणाच्या मुलाची फी थकली आहे, याची चर्चा होते आणि कामे वाटून घेतली जातात. उत्स्फूर्त प्रार्थनेने समारोप होतो. ही सहावी पायरी गाळली तर उरते ते केवळ प्रार्थनामंडळ.

ही कल्पना आली कुठून?

मूळ फार जुने आहे. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक प्रामुख्याने घरांतच जमत. संत पौलाच्या पत्रांत प्रिस्किला आणि अक्विला या दाम्पत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख येतो. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील असे प्रार्थनाघर उत्खननात सापडले आहे. इ. स. ३१३ नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. भव्य चर्च उभी राहिली आणि घरातील सभा मागे पडली.

आधुनिक काळात लॅटिन अमेरिकेत धर्मगुरूंची टंचाई आणि टोकाची गरिबी यांतून असे समूह वाढले. १९६८च्या मेडेयिन परिषदेत तेथील महागुरूंनी त्यांना बळ दिले. पूर्व आफ्रिकेतील महागुरूंनी १९७०च्या दशकात तेच धोरण स्वीकारले. आशियातील महागुरूंच्या महासंघाने १९९० मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे ‘समूहांचा समूह’ अशी चर्चची कल्पना मांडली. भारतातील धर्मप्रांतांतही अशी रचना उभी राहिली आहे.

वसईच्या संदर्भात हे महत्त्वाचे का?

वसईत एक श्रद्धा आहे, पण समाज अनेक आहेत. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन. सामवेदींची कादोडी वेगळी, वाडवळी बोली वेगळी. चर्चमध्ये एकाच वेदीपुढे उभे राहणारे हे समाज सोयरीक जुळवताना मात्र दीर्घकाळ आपापल्या जमातीतच राहिले.

येथील ख्रिस्ती समाजाचा इतिहास पोर्तुगीज काळापासूनचा. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य बदलले, तरी येथील ख्रिस्ती समाज टिकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी मराठीत उपासना सुरू झाली आणि हा समाज एका भाषेत एकत्र प्रार्थना करू लागला. मे १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत स्थापन झाला. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हरित वसईच्या लढ्यात तर सर्व धर्मांचे वसईकर त्यांच्यासोबत होते.

महाराष्ट्रात याआधी असा प्रयत्न झाला होता का?

झाला होता, तोही प्रोटेस्टंट परंपरेत. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या बंधुत्वात सामील होऊ शकत होता. परदेशी मिशनच्या चौकटीबाहेर, भजन-कीर्तनाच्या देशी वळणाने समाज उभा करण्याची ती धडपड होती. मात्र १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि प्रयोगाचा आधारच गेला. एका व्यक्तीभोवती उभा राहिलेला समूह किती नाजूक असतो, हे त्यातून दिसते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वेळेची. विरारहून चर्चगेटला जाऊन रात्री परतणाऱ्याला बैठकीसाठी ताकद उरत नाही. त्यामुळे समूह ज्येष्ठांपुरता उरण्याचा धोका असतो. दुसरी अडचण वस्तीची. जुन्या आळीत शेजारी बहुधा नातेवाईकच असतात. तेथे समूह सहज जमतो, पण जमातीच्या भिंती तशाच राहतात. नव्या संकुलांत भिंती नाहीत, पण ओळखही नाही. मंगळुरू, केरळ, गोव्याहून आलेली कुटुंबे तेथे राहतात. प्रार्थना मराठीत की इंग्रजीत, येथूनच प्रश्न सुरू होतो.

तिसरी अडचण अधिकाराची. निर्णय धर्मगुरूंनीच घ्यायचे असतील, तर समूह निरोप पोहोचवणारी यंत्रणा बनतो. चौथी विश्वासाची. घरातले दुःख चारचौघांत सांगितल्यावर ते गावभर झाले, तर पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

मग उपयोग किती?

करोनाकाळात याचे उत्तर काही प्रमाणात मिळाले. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, ती राज्यात नोव्हेंबरमध्ये उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली झाली. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर पाहता येत होती. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धेला औषध आणून देणे पडद्यावरून होत नव्हते. त्यासाठी तिचे दार ठाऊक असलेला शेजारी लागत होता. समूह कागदावर आहे की प्रत्यक्षात, याची कसोटी हीच. एखादे कुटुंब बैठकीला दोनदा आले नाही, तर तिसऱ्या वेळी कोणी त्याच्या घरी विचारपूस करायला जाते का?