प्रेरणा कुठे राहते? : व्यायाम, सातत्य आणि भरतीचं ग्राउंड

आज समोरच्या रांगांमध्ये पोलीस भरतीची, वनरक्षक भरतीची तयारी करणारी बरीच मुलं-मुली दिसताहेत. तुम्ही पहाटे ग्राउंड करून आला असाल. तेव्हा मध्येच कुणाला डुलकी लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही.

व्यायामावर बोलायला तत्त्वज्ञानाचा माणूस कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. एखादी गोष्ट आपल्या भल्याची आहे हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, ती करायची त्याची इच्छाही असते, आणि तरी तो ती करत नाही. हे कसं होतं? सॉक्रेटिसचं उत्तर असं की हे होऊच शकत नाही; जो करत नाही, त्याला ते खऱ्या अर्थानं कळलेलंच नसतं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या पुस्तकात त्यानं या दुबळेपणाची सविस्तर चर्चा केली आहे. ग्रीक भाषेत त्याला 'अक्रासिया' म्हणतात. आपण साधं म्हणतो, कळतं पण वळत नाही.

याचं उदाहरण शोधायला अथेन्सला जायला नको. डॉ. अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च'चं काम करताहेत. सार्वजनिक आरोग्य हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. त्यांना चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला आणि त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी ते असेल. आता मला सांगा, अशा माणसाकडे माहितीची काय कमतरता होती? आजारानंतर आहार, व्यायाम, योग आणि ध्यान यांची रोजची घडी त्यांना नव्यानं बसवावी लागली. मी 'घडी' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आजचं सगळं बोलणं त्या एका शब्दाभोवती आहे.

माहिती पुरत नाही म्हटल्यावर लोक म्हणतात, मग प्रेरणा हवी. मोबाइलवर पाहा, प्रेरणेचा बाजार भरलाय. मागे ढोल वाजतोय, पुढे कुणीतरी घामानं निथळलेला माणूस ओरडतोय, आणि आपण अंथरुणात पडून ते बघतोय! बघून अंगावर काटा येतो, हे खरं. पण तो काटा पहाटे साडेचारला उठवायला येत नाही.

२००२ साली ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी, मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी, एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयरोग किती वाईट आणि व्यायाम किती चांगला, असा प्रेरणा देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला, पण शिवाय एक वाक्य लिहून घेतलं: येत्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी वीस मिनिटं व्यायाम करीन. आठवड्यानंतर पाहिलं तर पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के जणांनी व्यायाम केला होता. म्हणजे नुसत्या प्रेरणेनं काहीच फरक पडला नाही. वार, वेळ आणि जागा ठरवल्यानं पडला. एका आठवड्याच्या एका प्रयोगावर सगळा इमला बांधू नये, हे मी कबूल करतो. पण आखाड्यातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल यात नवीन काय! अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, त्यांचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. आखाड्याच्या जगात 'आज मूड नाही' हे वाक्यच नसतं. वेळ झाली की माती उकरायची, आणि माती उकरता उकरता अंग आपोआप तयार होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रेरणा ही मनाच्या तळाशी सापडणारी वस्तू नाही. ती वेळेत राहते, जागेत राहते, सोबत्यात राहते, आणि वहीतल्या कालच्या आकड्यात राहते.

आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून 'मिशन शौर्य'चं नाव सगळे घेतात. २०१८ च्या मे महिन्यात मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. भाषणांमध्ये त्यांची गोष्ट 'जिद्द' या एका शब्दात संपवतात. जिद्द होतीच, ती मी नाकारत नाही. पण त्याआधीचे महिने पाहा ना. वर्ध्याला सराव, तेलंगणातल्या भोंगीरच्या खडकावर चढाई, मग दार्जिलिंग, मग लेहची थंडी. प्रत्येक टप्प्यावर प्रशिक्षक, ठरलेलं वेळापत्रक, शेजारी तितकाच दमलेला मित्र. जिद्द या सगळ्यांत नव्हती असं नाही, पण तिला रोज राहायला घर मिळालं होतं. आश्रमशाळेतल्या इतर शेकडो पोरांमध्ये जिद्द कमी असते असं मला वाटत नाही. घर नसतं.

आणि इथे मला थोडं कडक बोलायचंय. व्यायाम न होणं म्हणजे आळस, असं आपण पटकन म्हणतो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये आरमोरी-गडचिरोली रस्त्यावर काटली गावाजवळ काय झालं, ते आठवा. पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकनं उडवलं, चार मुलांचा जीव गेला. त्यांच्यात प्रेरणेची कमतरता होती? ती मुलं पाचच्या अंधारात उठली होती! मैदान असतं तर ती महामार्गाच्या कडेला कशाला गेली असती? दुसरीकडे जंगल. वडसा, ब्रह्मपुरी भागात माणसं मारणारा 'सीटी-१' वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात पकडला, तोपर्यंत तेरा माणसं गेली होती. अशा गावातल्या मुलीला 'पहाटे एकटी पळत जा, मन खंबीर ठेव' हा उपदेश करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. जागा सुरक्षित नसेल तर आधी जागेचं बघायचं. शाळेचं पटांगण पहाटे उघडं मिळावं म्हणून ग्रामसभेत अर्ज द्यायचा, चार-पाच जणांनी मिळून जायचं, उजाडल्यावरच निघायचं. हे सगळं व्यायामातच मोडतं.

आता कसून सराव म्हणजे काय, याबद्दल. पोरं म्हणतात, "सर, रोज जीव तोडून पळतो, तरी टायमिंग येत नाही." अहो, रोज जीव तोडता म्हणूनच येत नाही! स्नायू सरावाच्या वेळी वाढत नाहीत. सरावात ते झिजतात, आणि नंतर झोपेत व विश्रांतीत भरून येताना थोडे जास्त भरतात. भरायला वेळच दिला नाही तर नुसती झीज. आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस कठीण ठेवा. बाकीचे दिवस शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश पळा. हे पोरांना कमीपणाचं वाटतं. नडगी दुखायला लागली की मग पटतं.

उदाहरणच घेऊ. पुरुषांना १६०० मीटरमध्ये २० पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या मैदानावर चार राउंड, म्हणजे दर राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. बहुतेक पोट्टे पहिला राउंड सत्तरच्या आत मारतात, कारण बाजूचा पुढे जातोय. तिसऱ्या राउंडला पाय शिशाचे होतात. मग ते म्हणतात, माझी इच्छाशक्ती कमी पडली. इच्छाशक्ती कसली? पहिल्या राउंडचा हिशेब चुकला. कठीण दिवशी ४०० मीटर अठ्ठ्याहत्तर सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं, असे पाच-सहा वेळा करा आणि प्रत्येक वेळ वहीत लिहा. पाचवा राउंडही अठ्ठ्याहत्तरमध्येच आला, की त्या दिवशीचा सराव कसून झाला. ओकारी येईपर्यंत पळणं ही त्याची खूण नव्हे.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या भागात सांगितलीच पाहिजे. सिकलसेल. आपल्याकडे अनेक समाजांमध्ये हा रक्तदोष आहे. काही जण ग्रस्त असतात, त्याहून बरेच नुसते वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताही नसतो. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोरकस धावण्यात वाहकालाही क्वचित जिवावर बेतू शकतं. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. भरतीचा फॉर्म भरण्याआधी ती करून घ्या. वाहक निघालात म्हणून पळणं सोडायचं नाही. पाणी, सावकाश वाढवलेला सराव आणि दम वेगळाच लागतोय असं वाटताच थांबणं, एवढं पाळायचं. ग्रस्त असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मैदानात उतरायचंच नाही. आपला मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी 'थांबलो तर हरलो' हे वाक्य भिंतीवर लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

खाडा पडला तर? पतंजलींनी अभ्यासाच्या तीन अटी सांगितल्या: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरानं केलेला हवा. १८९० साली विल्यम जेम्सनंही सवयीवर लिहिताना बजावलं की सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. 'अखंड' शब्दानं मुलं घाबरतात. धान रोवणीचे दिवस असतात, घरात लग्न असतं, ताप येतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाबाबत अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडलं नाही. मला वाटतं, पतंजलींच्या तीन अटींपैकी आपण 'आदर' विसरतो. आदर असला की खाड्यानंतरचा दिवस लाजेत जात नाही, सरावात जातो.

आता सगळ्यात अवघड भाग. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात निम्मे मिळवायचे, आणि तरी लेखी परीक्षेला एका जागेमागे दहाच जणांना बोलावतात. त्यातल्या नऊ जणांना नोकरी मिळत नाही. वयाची मर्यादा खुल्या वर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. म्हणजे आज समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचं हे पळणं, नोकरीच्या हिशेबानं पाहिलं तर, फुकट जाणार आहे. हे कुणी तुम्हाला सांगत नाही. अकादमीवाले तर नाहीच सांगणार.

इथे गीतेचा निष्काम कर्मयोग सांगणं फार सोपं आहे. पण पेन्शन घेणाऱ्या माणसानं बेकार मुलाला फळाची आशा सोडायला सांगू नये. तुम्हाला नोकरी हवी आहे, आणि ती हवी असण्यात काहीही कमी प्रतीचं नाही. मी ॲरिस्टॉटलचा एक भेद सांगतो, तो जास्त उपयोगाचा आहे. 'मेटाफिजिक्स'मध्ये तो म्हणतो, काही क्रिया अशा की त्यांचं साध्य त्यांच्या बाहेर असतं. साध्य होईपर्यंत त्या अपुऱ्या, साध्य झालं की संपल्या. काही क्रिया मात्र करतानाच पूर्ण असतात, जसं पाहणं. आणि गंमत बघा, पहिल्या प्रकारचं त्याचं उदाहरण आहे वजन उतरवणं! चालणंही त्यानं त्यातच घातलंय. तिथे माझं त्याच्याशी जमत नाही. कुठे तरी पोचायला चालणं एक, आणि नुसतं चालणं वेगळं.

भरतीसाठी पळणं पहिल्या प्रकारचं आहे, ते तसंच राहू द्या. पण आठवड्यातला एक तरी दिवस घड्याळ घरी ठेवून पळा. तळ्याच्या बांधावरून, मित्राबरोबर, गप्पा मारत. त्या दिवसाला गुण नाहीत, म्हणून तो यादी लागल्यावरही तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. निवड झालेल्यांनाही हे लागतं. पाच वर्षांनी वर्दीचा पट्टा दोन भोकं पुढे सरकलेली माणसं आपण पाहतोच की. ध्येय गाठलं आणि क्रिया संपली.

(प्रश्न : घरचं पाणी भरणं, स्वयंपाक, लहान भाऊ. मुलींनी वेळ कुठून आणायची?)

चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तुझ्याकडे नाही बाई, ते तुझ्या घरच्यांकडे आहे. मघाचं ते वाक्य कागदावर लिही: वार, वेळ, जागा. त्याखाली आणखी एक ओळ लिही, त्या वेळात पाणी कोण भरणार त्याचं नाव. भावाचं नाव लिही. कागद चुलीजवळ लाव. आणि हो, पाण्याच्या हंड्यानं ताकद येतेच की, असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद लागतात, आणि ते हंडा न घेता पळायचे असतात.

(हशा. दुसरा प्रश्न : एप्रिल-मेमध्ये सराव बंद ठेवावा का?)

बंद नको. उजाडल्यापासून साडेसातपर्यंत, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस अंतर निम्मं ठेवा. कठीण दिवस दोनाचा एक करा. गोळाफेक आणि पायांचा व्यायाम सावलीत होतो. आंबील प्या. आणि सोबत्याला सांगून ठेवा, मी विचित्र बोलायला लागलो, अडखळायला लागलो, तर मला विचारू नकोस, सरळ सावलीत ओढून ने आणि अंगावर पाणी ओत.