फोटो फाटतो, तो नेमका कुठे?

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, हे आता राज्यभर ठाऊक आहे. त्याच्याच सोबतीला तिथे एक पट्टेदार दगड सापडतो. भूशास्त्रात त्याला बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट म्हणतात, बोलताना नुसतं बीएचक्यू. हेमॅटाइटचा काळपट तांबडा पट्टा, मग क्वार्टझचा फिकट, पुन्हा तांबडा. काही पट्टे जेमतेम मिलिमीटरभराचे. वेबसाइटवरच्या फोटोची परीक्षा घ्यायला याहून कडक नमुना मिळणार नाही. मोबाईलच्या गॅलरीत पट्टा न् पट्टा मोजता येतो आणि तोच फोटो साइटवर चढवला की तांबूस चिखल दिसतो. मग एटापल्लीहून चंद्रपूरला किंवा नागपूरला वेबसाइटवाल्याकडे फोन जातो, "सर, फोटो फाटतोय." कारणही फोन करणाराच सांगून टाकतो आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

पहिलं लाडकं कारण नेटवर्क. "आमच्याकडे रेंजच नाही, म्हणून फोटो पुसट येतो." रेंज कमी असली तर फोटो उशिरा येतो, अर्धाच येतो किंवा येतच नाही; पण पूर्ण उतरलेल्या फोटोतला एकही पिक्सेल कमकुवत नेटवर्क खात नाही. या समजात थोडं तथ्य आहे ते असं : प्रोग्रेसिव्ह जेपीईजी प्रकारची फाइल आधी धूसर दिसते आणि डेटा येईल तशी स्वच्छ होत जाते. काही साइट्स मुद्दाम आधी एक छोटी पुसट प्रतिमा दाखवतात आणि खरा फोटो मागून आणतात. तो मागचा फोटो अडकला की पुसटच समोर राहतो. शिवाय ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर डेटा वाचवायला फोटो दाबून दाखवतो. म्हणून तक्रार आली की आधी विचारावं, कोणत्या ब्राउझरमध्ये पाहताय? दुसऱ्या मोबाईलवर, चांगल्या रेंजमध्येही फोटो तसाच दिसत असेल, तर नेटवर्कला दोष देणं सोडायचं.

खरा घात बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर होतो. आजच्या साध्या मोबाईलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 वर येते, म्हणजे उरतात 1600 गुणिले 1200. मूळ पिक्सेलपैकी जेमतेम सहावा हिस्सा! वर जेपीईजीची दाबणी पुन्हा एकदा होते ती वेगळीच. जेपीईजी चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी फेकतं. उजेड-अंधाराच्या मानाने रंगाची माहिती तर बहुधा आणखी निम्म्या बारकाव्याने साठवली जाते, कारण माणसाचा डोळा रंगाच्या कडांबाबत तितका चोखंदळ नसतो. चेहऱ्याच्या फोटोत हे खपून जातं. बीएचक्यूच्या तांबड्या-फिकट रेघांत किंवा बांबूच्या विणीत लगेच उघडं पडतं.

"पण मी एचडी करून पाठवला होता!" 2023 मध्ये आलेली ही सोय नक्कीच बरी आहे, तरी तीही फोटो दाबतेच. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. एवढं सांगूनही निम्मे लोक गॅलरीतूनच पाठवतात आणि काहीजण चक्क स्क्रीनशॉट. आलेल्या फाइलचे पिक्सेल उघडून मोजले की कोणी काय केलंय ते लगेच कळतं.

आता आपल्या, म्हणजे साइट बनवणाऱ्यांच्या चुका. गिऱ्हाईकाच्या माथी मारायच्या आधी त्या तपासाव्यात. फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच फोटोच्या अनेक लहान प्रती करतो. ठरलेली मापं म्हणजे 150, 300, 768, 1024 पिक्सेल वगैरे. पानात फोटो टाकताना चुकून 300 ची 'मीडियम' प्रत निवडली आणि ती 1920 पिक्सेलच्या रुंद पट्टीत ताणली, तर सहापटींहून जास्त ताण बसतो. फोटो फाटणारच. ओळखायचं कसं? फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि पत्ता वाचा. फाइलच्या नावाच्या शेवटी 300x225 असं काही दिसलं, तर चोर घरातच आहे. 2560 पिक्सेलहून मोठा फोटो वर्डप्रेस 2019 पासून आपणहून लहान करतो आणि नावाला 'स्केल्ड' जोडतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वेबसाइटला 2560 पुरतात. फोटो दाबणारं एखादं प्लगइन बसवलं असेल, तर त्याची क्वालिटी किती ठेवली आहे तेही पाहावं. गती वाढवायच्या नादात ती फार खाली ओढलेली असते.

मोबाईलवर आणखी एक गंमत आहे. 360 रुंदीचा म्हणून गणला जाणारा स्क्रीन प्रत्यक्षात बऱ्याचदा 1080 पिक्सेलचा असतो. म्हणजे 360 च्या जागेत 360 चाच फोटो दिला तर तो तिथे तिप्पट ताणला जातो. साइटने स्क्रीनप्रमाणे योग्य प्रत पाठवायला हवी. वर्डप्रेस 2015 पासून तशी सोय देतो, पण फुकटात उचललेली थीम ती कधीकधी मोडून ठेवते.

"300 डीपीआय करून पाठवू का?" हा प्रश्न फ्लेक्सवाल्याकडून वेबसाइटपर्यंत आलेला आहे. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे, त्याची फाइलमधली नोंद. 4000 पिक्सेलचा फोटो 72 लिहिला काय नि 300 लिहिला काय, पडद्यावर तो 4000 चाच. नुसता आकडा बदलल्याने एक पिक्सेलही वाढत नाही. फाटका जेपीईजी पीएनजीत बदलणं हाही तसलाच उपाय. व्रण तसेच राहतात आणि फाइल मात्र कितीतरी फुगते. मग एटापल्लीच्या रेंजमध्ये पान उघडेना झालं की नेटवर्कवरची तक्रार पुन्हा सुरू, या वेळी मात्र खरी. पीएनजी ठेवावं ते लोगो, नकाशे, अक्षरं असलेली चित्रं यांच्यासाठी. दगड, जंगल, माणसं यांना जेपीईजी किंवा वेबपी बरं.

महाग होस्टिंग घेऊन फोटो सुधारत नाही. जास्त मेगापिक्सेलचा मोबाईल घेऊनही सुधारेलच असं नाही, कारण 108 मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुधा नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतो. लाल धुळीच्या रस्त्यावर काढलेल्या फोटोसाठी लेन्स रुमालाने पुसण्याचा फायदा याहून जास्त.

फोटो स्वच्छ करून देणाऱ्या एआय साधनांबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. ही साधनं हरवलेला तपशील परत आणत नाहीत. तिथे काय असू शकेल त्याचा अंदाज बांधून नवं काही रंगवतात. जाहिरातीच्या पोस्टरला चालून जाईल. पण बीएचक्यूच्या फोटोत ती नसलेले पट्टे काढतील, म्हाताऱ्या बाईच्या हातावरच्या गोंदणाची नक्षी बदलतील, गर्दीतल्या लहान चेहऱ्यांना भलतेच डोळे लावतील. माहितीच्या पानावर असा फोटो ही सरळ सरळ चुकीची माहिती आहे.

रंग उडाला असेल तर तो वेगळा आजार. 2016 नंतरचे आयफोन जास्त विस्तृत रंगपट्ट्यात फोटो घेतात. साइटवर चढवताना फाइलमधला कलर प्रोफाइल गळला की सूरजागडचा तांबडा मळकट दिसतो. चढवण्याआधी फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात बदलून घेतला की काम झालं. आणि सगळं दुरुस्त करूनही जुनाच फोटो दिसत असेल, तर ब्राउझरने साठवलेली प्रत समोर येते आहे. नव्या फोटोला नवं नाव द्यावं.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो : "फोटो ग्रुपवर टाकलाय, आता मोबाईलमधून उडवला तरी चालेल." ग्रुपवर राहतो तो दाबलेला फोटो. दगडाचा फोटो परत जाऊन काढता येतो, पण सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा वर्षातून एकदाच, जानेवारीत भरते. तेव्हा या जानेवारीत फोटो काढलेत, तर मूळ फाइल्स आधी कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मगच मोबाईल रिकामा करा.