सहलीत साखर उतरते तेव्हा

आमच्या पौडचे एक मधुमेही काका गेल्या वर्षी जहाजाच्या सहलीला निघाले. ‘जाऊ ना, डॉक्टर?’ मी म्हणालो, ‘खुशाल जा.’

पोर्ट क्लँग बंदरात उतरून बसने मलेशियाची राजधानी क्वालालंपूर. मशीद, चिनी बाजार पाहून ते मुरुगनच्या दर्शनाला बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढले. इन्सुलिन सकाळीच घेतलेले. जेवण मात्र लांबले. वर पोहोचताच दरदरून घाम, हातपायांना कंप. काकांना वाटले, उकाडा! काकूंनी साखरपाणी पाजले, म्हणून निभावले.

वाचकहो, ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा.

प्रवासातील इन्सुलिन व जेवणाच्या वेळा आधीच ठरवाव्यात. काकांना मी ते विचारलेच नव्हते. आता प्रत्येकाला विचारतो.