एक कार्बन डायऑक्साइड वजा

मारिओ खेळताना लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेला मशरूम आपण सगळ्यांनीच खाल्लाय. तसाच दिसणारा खरा मशरूम युरोप-सायबेरियाच्या जंगलात बर्च आणि पाइनखाली उगवतो. नाव अमानिटा मस्कारिया. तो खाल्ल्यावर मारिओसारखं कोणी मोठं होत नाही. अर्ध्या ते दोन तासांत तोल जातो, माणूस बरळायला लागतो. कधी एकदम खवळतो, तर कधी गाढ झोपतो. एकाच मशरूमची ही दोन उलटी टोकं कशी?

त्यातलं मूळ द्रव्य इबोटेनिक ॲसिड. १९६० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. नाव तिथल्या 'इबोतेंगुताके' या अळिंबीवरून पडलं. रचना ग्लुटामेटसारखी, म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोचा चुलतभाऊच! ग्लुटामेट हा मेंदूचा ॲक्सिलरेटर. इबोटेनिक ॲसिडही तोच दाबतं, आणि जास्त दाबला गेला की पेशी जणू जळून मरतात. संशोधक उंदरांच्या मेंदूचा नेमका एखादा भाग निकामी करायला हेच ॲसिड तिथे थेट टोचतात.

आता बारावीला रट्टा मारलेलं डीकार्बॉक्सिलेशन आठवा. मशरूम वाळवला, तापवला किंवा पोटात गेला की या ॲसिडमधून एक कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १५८ वजा ४४, उरले ११४. हे मस्किमॉल. ते जाऊन बसतं गाबाच्या रिसेप्टरवर, आणि गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक! गंमत म्हणजे आपला मेंदूही ग्लुटामेटपासून गाबा असाच बनवतो: १४७ वजा ४४, १०३.

डॉक्टरांचीही इथे बरीच वर्षं फसगत झाली. १८६९ मध्ये याच मशरूममधून मस्करीन वेगळं काढलं गेलं, म्हणून दोषी तेच असं धरून त्यावरचा उतारा, ॲट्रोपीन, दिला जायचा. प्रत्यक्षात मस्करीन त्यात नगण्य असतं, आणि ॲट्रोपीनने भ्रम उलट वाढू शकतो. नेमका उतारा आजही नाही. लक्षणं बघून उपचार करतात.

अमेरिकेत याच मशरूमच्या गोळ्या-चॉकलेटं 'कायदेशीर' म्हणून विकली जाऊ लागली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं, खाद्यपदार्थांत हे चालणार नाही. वाळवताना किती ॲसिड बदललं आणि किती तसंच राहिलं, हे प्रत्येक मशरूममध्ये वेगळं असतं. त्यामुळे घासात ब्रेक किती आणि ॲक्सिलरेटर किती, हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही.