‘प्रार्थना केली, तरी बाबा गेले’ : मग भरवसा ठेवायचा कसा?



ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले तेवढं नीट केलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय मी निवडलेला नाही. तो एका व्हॉइस नोटमधून आला. पाठवणारी मुलगी एकवीस वर्षांची. तिचं नाव सांगत नाही, पण तिची गोष्ट सांगायची परवानगी तिने दिली आहे. ती म्हणाली, “ताई, बाबा दोन महिने आजारी होते. आम्ही उपवास केले. मंडळीने रात्रभर प्रार्थना केली. मला अगदी खात्री होती की प्रभू त्यांना बरं करणार. आणि बाबा गेले. आता रविवारी उपासनेला जाते, पण गाणी सुरू झाली की माझं तोंडच उघडत नाही. माझा विश्वास कमी पडला का?”

ही नोट मी तीन वेळा ऐकली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पूर्वी एकदा मी घाईने उत्तर देऊन बसले होते. कॉलेजमधल्या मैत्रिणीचा भाऊ अपघातात गेला, तेव्हा मातीच्या दिवशीच मी तिला म्हटलं, “देवाची काहीतरी योजना असेल गं.” ती काही बोलली नाही. त्यानंतर कितीतरी महिने बोलली नाही. वाक्य चुकीचं होतं की वेळ चुकीची होती, यावर मी बराच विचार केलाय. आजचा भाग त्यातूनच आलाय.

सगळ्यात आधी : प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास का?

आपल्यापैकी बरेच जण असं शिकत मोठे झालो की विश्वासणाऱ्याने कुरकुर करायची नाही. कुणी विचारलं, “कसं चाललंय?” की म्हणायचं, “प्रभूच्या कृपेने छान!” आतून कोसळलेलो असलो तरी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला वचन आणि उशीखाली रडणं.

पण पवित्र शास्त्र उघडून बघा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी चक्क गाऱ्हाणी आहेत. १३ वं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा ओव्यांचं. त्यात दावीद देवाला ‘हे कधीपर्यंत चालणार?’ असं एकदा नाही, चार वेळा विचारतो. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी ‘पण सगळं ठीक झालं’ असं काही येत नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जपली त्यांना ते पान काढून टाकता आलं असतं, पण त्यांनी ते ठेवलं. विलापगीत नावाचं आख्खं पुस्तक आहे, पाच अध्यायांचं, उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमेसाठी रडणारं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : वधस्तंभावर असताना प्रभू येशूने २२ व्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली. ते स्तोत्र सुरूच होतं ‘का’ या प्रश्नाने. देवाच्या पुत्राने तो प्रश्न विचारला असेल, तर तुम्ही-मी विचारला म्हणून आपण मंडळीबाहेर पडत नाही.

इथे एक फरक मात्र लक्षात घ्या. देवाबद्दल इतरांकडे तक्रार करत फिरणं वेगळं आणि देवाकडेच जाऊन तक्रार करणं वेगळं. घरात राग आला की एक मूल दार आपटून निघून जातं आणि एक मूल आईसमोर उभं राहून रडत भांडतं. दोघंही चिडलेलीच असतात. पण दुसऱ्याला माहीत असतं की आई ऐकणार आहे. ते भांडण हासुद्धा भरवशाचाच एक प्रकार आहे.

भरवसा म्हणजे भीती नसणं नाही

कोकणात पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव ओलांडलाय कधी? खालून गढूळ पाणी धो धो वाहतंय, पायाखालचं लाकूड हलतंय. भीती वाटतेच. पण पलीकडे घर असतं, म्हणून आपण पाय टाकतो. मग दुसरा. भीती गेल्यावर ओलांडू म्हणणारा माणूस पावसाळाभर अलीकडेच राहील.

मला वाटतं, आपण भरवशाला एक भावना समजतो. मन शांत झालं म्हणजे भरवसा आहे, पोटात गोळा आला म्हणजे नाही. पण गेथशेमाने बागेत येशू शांत नव्हता. तो व्याकूळ झाला होता. हा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने केली, पुन्हा पुन्हा केली, आणि प्रत्येक वेळी निर्णय पित्याच्या हाती सोपवला. प्याला टळला नाही. पौलाचंही तसंच. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, तो सहन करायला कृपा मिळाली.

म्हणजे ताई, तुझा विश्वास कमी पडला म्हणून बाबा गेले, हे गणित शास्त्रात बसत नाही. येशूचा विश्वास कमी पडला होता, असं कोण म्हणेल?

आपल्याच मातीतली एक गोष्ट

आता पंडिता रमाबाईंबद्दल बोलू. नाव सगळ्यांनी ऐकलंय. पुस्तकात फोटो बघितलाय. पण त्यांच्या आयुष्यात एकामागून एक काय घडलं, हे आपण सलग कधी वाचत नाही.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळात बायकोला संस्कृत शिकवणारा माणूस. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थयात्रा करायचं. मग दुष्काळ आला. खायला काही उरलं नाही. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले. उत्तरेत थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ते झोपले.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. आता तरी दिवस पालटले असं वाटतं ना? १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली. आणि १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने नवरा गेला. वय वर्षं तेवीस, हातात लहान मूल आणि माहेर-सासर असं काहीच नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटतं, इथून पुढे साक्ष एकदम चकचकीत होणार. पण नाही. तिथल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून भरपूर वाद घातले. जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणून सांगितलं. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी भेटला. हे वाचल्यावर मला इतकं हलकं वाटलं! इतक्या मोठ्या बाईलासुद्धा वेळ लागला. तुम्हाला-मला लागला तर काय बिघडलं?

मग १८९६-९७ चा दुष्काळ. तोवर विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू होऊन काही वर्षं झाली होती. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथे हाडांचे सापळे झालेल्या मुली बघितल्या आणि त्यांना आपले जुने दिवस आठवले. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला भुकेलेली पोर वेगळी दिसते. त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती. म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर सगळ्यांची सोय केली. तेच आजचं मुक्ती मिशन.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट बोलूया. ‘बघा, देवाने पहिला दुष्काळ पाठवला म्हणून दुसऱ्या दुष्काळात मुली वाचल्या’ असं मी म्हणणार नाही. आई-बाप भुकेने मेले, ते चांगलं होतं असं कुणी म्हणू नये. वाईट ते वाईटच. मला दिसतं ते इतकंच, की देवाने ती जखम वाया जाऊ दिली नाही.

आणि गोष्ट तिथेही संपत नाही. पुढे रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. काम चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळीस वर्षांची, आईचं काम पुढे नेणारी. त्यानंतरही रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या.

लेक गेल्यावर रमाबाईंच्या मनात काय चाललं होतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण त्या रोज सकाळी उठून कामाला बसल्या. साकवावर पुढचा पाय टाकला. माझ्यासाठी भरवशाची याहून चांगली व्याख्या नाही.

मग आपण काय करायचं?

चार गोष्टी सांगते. उपदेश समजू नका. मी स्वतः करून बघितल्यात.

एक : गाऱ्हाणं लिहा. फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. बऱ्याच विलापस्तोत्रांत चार गोष्टी सापडतात. आधी देवाला हाक. मग जे झालंय ते स्पष्ट सांगणं, गोड न करता. मग मागणं. आणि शेवटी भरवशाचं एखादं वाक्य. चौथा भाग आज जमत नसेल तर सोडून द्या. ८८ वं स्तोत्र आठवा. तीन भागांची प्रार्थनाही देव ऐकतो.

दोन : मागचं आठवा. इस्राएल लोक पुन्हा पुन्हा मिसर देशातून सुटकेची गोष्ट सांगत, कारण माणूस विसरतो. तुमच्या आयुष्यात देवाने कधी हात दिला, त्याच्या दोन-तीन आठवणी लिहून ठेवा. वाईट दिवशी स्मरणशक्तीवर विसंबू नका. त्या दिवशी काहीच आठवत नाही.

तीन : मदत घ्या. ‘डॉक्टरकडे गेलो म्हणजे देवावर विश्वास नाही’ हे डोक्यातून काढा. लूक वैद्य होता आणि पौलाला तो प्रिय होता. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल तर पाळकांशी बोला, घरच्यांशी बोला आणि समुपदेशकाकडेही जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मोफत आणि दिवसरात्र. फोन लावणं हीसुद्धा प्रार्थनाच समजा.

चार : ही दुसऱ्यांसाठी. कुणाच्या घरी दुःख झालं तर आधी गप्प बसायला शिका. ईयोबाचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसले. तेवढं एक त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि कारणं द्यायला लागले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. ओरडणारा, भांडणारा ईयोब मात्र माझ्याविषयी योग्य बोलला, असं देवाने म्हटलं. माझ्या त्या मैत्रिणीला त्या दिवशी योजना नको होती. शेजारी बसून चहाचा कप हातात देणारी कुणीतरी हवी होती. पुढे मी तिची माफी मागितली. तेव्हा आम्ही दोघी रडलो, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

शेवटी, त्या व्हॉइस नोटचं उत्तर

ताई, तू म्हणालीस, गाणी सुरू झाली की तोंड उघडत नाही.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात एक पक्षाघाती माणूस आहे. त्याला चालता येत नाही. चार जण त्याला बाजेवर उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उघडतात आणि त्याला येशूसमोर खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास बघितला. त्यांचा! बाजेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही.

मंडळी त्यासाठीच असते गं. सध्या तू बाजेवर आहेस. तुझ्या वाटणीचं गाणं या रविवारी तुझ्या शेजारची मावशी म्हणेल, मागच्या बाकावरचा तो बेसूर काका म्हणेल. तू नुसती बसून राहा. उठून गेली नाहीस, आणि रात्री मला हा प्रश्न विचारलास, यातच मला तुझा भरवसा दिसतो. एक दिवस तुझा आवाज परत येईल. कधी, ते मला माहीत नाही. आणि तेव्हा कदाचित तुझ्या शेजारी दुसरं कुणीतरी गप्प बसलेलं असेल. त्या दिवशी तू त्यांच्यासाठी गा.

चला मित्रांनो, आज इतकंच. हा भाग ऐकताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, तर लिंक पाठवण्याआधी त्यांना एक फोन करा. आणि फार बोलू नका, ऐका.

पुढच्या भागात भेटू. प्रभू तुम्हाला सांभाळो.