फोटोत कबर आली, पाणी राहिलं

सुट्टी पडली की आपण लातूरकर फोटो काढायला कुठं जातो? खरोसा, औसा, उदगीरचा किल्ला. झालं, संपली यादी! या वेळी उदगीरहून रेल्वे धरा आणि भालकीच्या पुढं बीदरला उतरा. राज्य बदलतं, पण मराठीवर काम भागतं. तसंही ते काही परकं नाही. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. आमच्या शिरूर अनंतपाळच्या घरी पणजोबांच्या शेताचा एक उर्दू कागद आहे, त्यावर जिल्हा बीदरच.

शहराच्या पूर्वेला तीनेक किलोमीटरवर अष्टूर. बहमनी सुलतानांच्या कबरींचे घुमट इथं ओळीनं उभे आहेत. पहिला फोटो सगळेच हुमायूनशाहच्या घुमटाचा काढतात (दिल्लीवाला नाही, हा १४६१ साली वारलेला बहमनी). वीज पडून तो अर्धा कोसळला, असं सांगतात. फोडलेल्या नारळासारखा उभा आहे, भिंतीची जाडी बाहेरूनच दिसते.

मी मात्र अडकले अहमदशाह वलीच्या कबरीपाशी. गुलबर्ग्याची राजधानी बीदरला आणणारा हाच. आत भिंतीवर, घुमटावर लाल-सोनेरी नक्षी आणि अक्षरं. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभू मानतात, उरुसाला जंगम येतात. आत अंधार असतो, तरी फ्लॅश मारू नका. खाली बसा, कोपरं गुडघ्यावर टेकवा, श्वास धरा, मग क्लिक करा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि कुणी हात जोडून उभं असेल तर मोबाईल खाली. एवढं कळायला पाहिजे.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला, नौबादला चला. इथं बघायला काहीच नाही, असं वाटेल. माळावर ओळीनं खोल, विहिरीसारखी भोकं. पण खालून बोगदा गेलाय, दोन किलोमीटरहून लांब, पंधराव्या शतकातला. याला करेझ म्हणतात, स्थानिक लोक सुरंग बावी. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. पावसाचं पाणी त्यातून झिरपत जातं आणि खालच्या कठीण काळ्या दगडावर अडतं. नेमक्या त्या जागी हलक्या उतारानं बोगदा खणला की पाणी आपोआप वाहतं. मोट नाही, मोटार नाही. वरची भोकं हवा-उजेडासाठी आणि गाळ काढायला. मूळ तंत्र इराणचं. तिथले असे बोगदे, कनात, २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

२०१६ आठवतंय ना? त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा शाळेत होते. घागर घेऊन टँकरमागं पळणं हाच आमचा पीटीचा तास होता.

त्या भोकाशी वाकले तेव्हा हेच डोक्यात होतं, आणि मोबाईल हातातून सुटताच सुटता राहिला. दोरी मनगटाला बांधा, काठापासून लांब राहा आणि आत उतरायचं धाडस तर अजिबात नको. फोटोसाठी मे महिन्याचा मध्य बेस्ट. तेव्हा दुपारी सूर्य इथं थेट डोक्यावर येतो आणि उजेड सरळ खाली पडतो. शेजारी मित्राला उभं करा म्हणजे भोक केवढं ते कळेल. फोटोखाली तारीख आणि जागा लिहा. शहर वाढतंय, भोकं बुजायला वेळ लागत नाही. मग हा फोटोच पुरावा.

स्टेटसला अष्टूर ठेवलं, भरभरून हार्ट आले. नौबादच्या काळ्या गोलावर एकानं विचारलं, “लेन्स खराब झाली का?”

आज्जीनं मात्र तोच फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. म्हणाली, “खाली चमकतंय ते पाणीच हाय का गं?”