भिंतीतले सॉकेट आणि मुरलेला आवाज

नांदगाव खंडेश्वरला आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी राहतात. गाण्याचा त्यांना मोठा नाद. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले. यंत्र घरी आले, गाणे सुरू झाले, आणि कोणीतरी त्यांच्या कानात दोन गोष्टी घातल्या. पहिली अशी की, भिंतीतले साधे सॉकेट काढून कित्येक हजारांचे खास सॉकेट बसविल्याखेरीज खरा आवाज निघत नाही. दुसरी अशी की, नवे यंत्र दोन-तीनशे तास वाजवून लोणच्यासारखे मुरवावे लागते. गुरुजी मला म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात गणित शिकविता. जरा हिशेब करून सांगा, यात खरं किती?"

मी त्यांच्या घरी गेलो. वायरमनला बोलावून, मेन स्विच बंद करून, सॉकेट उघडून पाहिले. हिशेबाच्या आधीच एक गोष्ट डोळ्यांत भरली. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला मागून तारच जोडलेली नव्हती! ही गोष्ट आवाजाची नव्हे, जिवाची आहे. तिच्याकडे आपण येऊच. पण गुरुजींनी विचारलेला हिशेब आधी पाहू.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची. गुरुजींचे यंत्र साधारण 100 वॉट घेते, म्हणजे त्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. जुन्या, ढिल्या सॉकेटचा अडथळा आपण एक दशांश ओहम धरला, तरी तिथे व्होल्टेज पडेल ते सुमारे 0.04 व्होल्ट. उलट गावात भार वाढला की वीस-तीस व्होल्ट सहज कमी होतात. जिथे वीस व्होल्ट कमी झालेले यंत्र सोसते, तिथे 0.04 व्होल्टचे काय घेऊन बसता?

शिवाय भिंतीतली वीज जशीच्या तशी स्पीकरपर्यंत जात नाही. यंत्रात आधी तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर होते आणि ती कंडेन्सर नावाच्या भागात साठविली जाते. घरातला रांजण आठवा. पाणी येते घागरी-घागरीने, पण रांजणाच्या तोटीतून धार पडते ती सलग. तोटीखाली उभा असलेला माणूस सांगू शकेल का, की घागर तांब्याची होती की पितळेची? जपानमध्ये तर काही शौकिनांनी आपल्या यंत्रासाठी दारापुढे विजेचा स्वतंत्र खांब आणि रोहित्र उभारल्याची बातमी 2016 साली वृत्तपत्रांत आली होती. हौसेला मोल नसते हे खरे, पण हौस म्हणजे विज्ञान नव्हे.

मग सॉकेट बदलूच नये काय? तसेही नाही. सॉकेट बदलण्याचे खरे कारण म्हणजे उष्णता. त्याच ढिल्या सॉकेटात 2000 वॉटची शेगडी लावा. प्रवाह होतो जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, आणि अंगठ्याएवढ्या जागेत साडेसात वॉट उष्णता साचू लागते. त्या उष्णतेने आतली पितळी पट्टी आपला ताण गमावते, पकड आणखी ढिली होते, अडथळा वाढतो, आणि उष्णता त्याहून वाढते. प्लास्टिक पिवळे पडणे, मग काळे पडणे, जळका वास येणे ह्या तिच्या पायऱ्या आहेत. अशा सॉकेटात ठिणग्या उडतात, आणि त्यांची कडकड मात्र स्पीकरमधून नक्की ऐकू येते. म्हणून पिन सैल बसत असेल, तर सॉकेट बदला. पण ISI खूण असलेले, पिन घट्ट धरणारे साधे सॉकेट पुरे. रेडिओ, अँप्लिफायर यांना 6 अँपिअरचे, शेगडी-गीझरला 16 अँपिअरचे. तारही त्या मानाने जाड हवी.

आता त्या वरच्या मोठ्या भोकाकडे वळू. तीन पिनांच्या प्लगात वरची पिन जाड आणि लांब असते, ती उगाच नव्हे. जाड यासाठी की, ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. लांब यासाठी की, प्लग लावताना ती सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. ही अर्थिंगची पिन. यंत्रात आत एखादी तार निसटून धातूच्या पेटीला लागली, तर वीज माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी या वाटेने जमिनीत जाते.

पण जमिनीची वाटही मोकळी हवी. आपल्या वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, आणि चैत्र-वैशाखात तिला हात-हात भेगा पडतात. भेगाळलेल्या कोरड्या मातीत अर्थिंगचा अडथळा फार वाढतो. हिशेब पाहा. अडथळा 5 ओहम असेल, तर बिघाडात 46 अँपिअर वाहतील आणि 6 अँपिअरचा एमसीबी थोड्याच क्षणांत पडेल. तोच अडथळा 100 ओहम झाला, की वाहतील फक्त 2.3 अँपिअर. एमसीबी पडणारच नाही, आणि यंत्राची पेटी जिवंत राहील. म्हणून दोन गोष्टी करा. मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नेमाने पाणी टाका. आणि बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो एवढीशी गळती झाली तरी वीज तोडतो. त्यावर तपासणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. आणखी एक बजावून सांगतो. काही जण खड्ड्याचा खर्च नको म्हणून सॉकेटातच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडतात. न्यूट्रल तुटली की त्याच क्षणी पेटीत वीज उतरते. ही काटकसर जीव घेणारी आहे.

शिक्षकबंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. एका स्नेहसंमेलनात मी स्वतः हजर होतो. अँप्लिफायरमधून घुंऽऽ असा आवाज येत होता. मदतीला आलेल्या मुलाने प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकली. आवाज थांबला, सर्वांनी शाबासकी दिली. थोड्या वेळाने बक्षिसे सांगणारे आमचे सहकारी माईक हातात घेऊन लोखंडी खांबाला टेकले आणि धाडकन खाली पडले. दैव बलवत्तर, म्हणून वाचले. घुंकार बहुधा दोन यंत्रे दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडल्याने येतो. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेतली की तो बहुतेक वेळा जातो. अर्थिंग तोडणे हा उपाय नव्हे.

आता मुरविण्याची गोष्ट. तीत थोडे तथ्य आहे. स्पीकरचा कागदी शंकू कडेच्या पट्टीवर आणि मागच्या जाळीदार चकतीवर तोललेला असतो. नवी वहाण जशी चालून सैल होते, तसे हे भाग हालून किंचित मऊ होतात. पण हा बदल बहुतांशी पहिल्या काही तासांतच होतो. पुढे महिनाभर आवाज 'सुधारत' जातो, तो आपल्या सवयीने. आमचा रेडिओदुरुस्तीवाला गुरुजींना म्हणाला, "सर, आवाज नाही मुरला, तुमचा कान मुरला!" तांब्याची तार आणि सॉकेट यांत तर मुरण्यासारखे काहीच नाही.

कारखान्यात मात्र यंत्रे मुद्दाम तासन्‌तास चालवितात, त्याचा हेतू वेगळा. कच्चे भाग बहुधा सुरुवातीलाच बिघडतात. ते गिऱ्हाइकाच्या घरी बिघडण्यापेक्षा तिथेच बिघडलेले बरे. तेव्हा नवे यंत्र हमीच्या मुदतीत भरपूर वाजवावे, एवढा बोध आपण घ्यावा. मात्र घरात कोणी नसताना रात्रंदिवस चालू ठेवू नये.

जुन्या यंत्राची तऱ्हा निराळी. नागपूर आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झाले. त्यावरचे शेतीचे कार्यक्रम माझे वडील व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकत. त्यांच्यामागे तो रेडिओ वीसेक वर्षे माळ्यावर पडून होता. एके दिवशी मला आठवण अनावर झाली, आणि मी थेट प्लग लावला. मिनिटभरात धूर निघाला. बराच काळ पडून राहिलेल्या कंडेन्सरच्या आतला पातळ थर झिजतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले की तो फुटतो. जाणकार कारागीर अशा रेडिओला आधी सिरीजमध्ये तारेचा बल्ब लावून, हळूहळू वीज देऊन जागा करतो. खरे मुरविणे हवे होते ते इथे, आणि तिथेच मी घाई केली.

शेवटी शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. कोणी म्हणाले, या वस्तूने आवाज सुधारतो, तर त्याला पाठमोरे बसवा. नाणे उडवून, छापा पडला तर नवी वस्तू, काटा पडला तर जुनी, असे दहा वेळा करा आणि ओळखावयास सांगा. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याचा संभव 1024 मध्ये 11, म्हणजे शंभरात जेमतेम एक. पाच-सहा बरोबर आली, तर समजावे की नाणेच बोलले. मुलांना यातून संभाव्यताही कळेल, आणि ऐकीव गोष्ट पारखून घेण्याची सवयही लागेल.

गुरुजींनी ते महागडे सॉकेट घेतले नाही. साधे बसविले, अंगणात अर्थिंगचा खड्डा करवून घेतला, आरसीसीबी लावला, आणि तरी पैसे उरले. आता वैशाखात संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झाले, की उरलेला तांब्या ते त्या खड्ड्यात रिकामा करतात आणि मग गाणे लावतात. आपणही आज घरी गेल्यावर एवढेच पाहा : आपल्या भिंतीतल्या त्या वरच्या भोकाच्या मागे तार आहे ना?